मदत हवी आहे: २४ तासांच्या पावसावरून नाल्याचं माप कसं काढायचं?

मंडळी, मराठवाड्यातल्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेत बांधकाम विभागात आहे. बाजारपेठेतला नाला नव्याने बांधायचाय. मुख्याधिकारी म्हणाले, "पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, जुन्या मापावर जाऊ नका, इथले आकडे काढा." पटलं. पण घोडं आकड्यांवरच अडलंय.

तहसीलच्या पर्जन्यमापकाच्या १९८८ पासूनच्या वह्या मिळाल्या. रोज सकाळी साडेआठची नोंद, म्हणजे २४ तासांची बेरीज. नाल्याला हिशेब लागतो तासाचा. गेल्या सप्टेंबरात दुपारी चार ते सहा असा कोसळला की सराफ गल्लीत कमरेएवढं पाणी. वहीत त्या दिवसाचे १२० मिमी. आता पाठ्यपुस्तकातलं घनमुळाचं सूत्र लावलं (तासांना २४ ने भागायचं, घनमूळ काढायचं, दिवसाच्या पावसाने गुणायचं) तर दोन तासांचे येतात जेमतेम ५२ मिमी. बाकीचे कधी पडले? सहानंतर थेंब नव्हता, मी तिथेच पायजमा वर करून उभा होतो.

हवामान खात्याची १९०१ पासूनची ग्रिड माहिती (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा रोजचा पाऊस) पुण्याहून फुकट मिळते, तीही उतरवली. पण एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २५ किमीचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तेव्हा कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नव्हता. एवढ्या मोठ्या चौकोनाच्या सरासरीत आमची सराफ गल्ली कुठून दिसणार?

सल्लागाराने तर मुंबईच्या नाल्यांचा ताशी ५० मिमी पावसाचा आकडा उचलून अहवालात चिकटवलाय. असो.

माझा विचार असा: महावेधचं (राज्य सरकारचा हवामान केंद्रांचा प्रकल्प) स्वयंचलित केंद्र आमच्या महसूल मंडळात आहे, गावापासून ९ किमीवर. त्याची वर्षं थोडी, त्यावरून '२५ वर्षांतून एकदा' येणारा पाऊस काढता येणार नाही. पण मोठ्या पावसाच्या दिवशी एका तासात किती टक्के पडतो, एवढं गुणोत्तर तिथून घेऊन तहसीलच्या जुन्या नोंदींना लावलं तर चालेल का? कुणी केलंय? आणि तासागणिक आकडे हवेत तर अर्ज कुणाकडे करायचा? कृषी कार्यालयात दोन चकरा झाल्या, दोन्हीदा मंडळनिहाय दैनिक तक्ताच हातात आला.

शिवाय वह्यांत रविवारचा रकाना बऱ्याचदा कोरा आणि सोमवारी भरघोस आकडा. असे सोमवार वगळावेत की दोन दिवसांत वाटावेत?

सगळं एक्सेलमध्ये भरून ठेवलंय, बघायचं असेल त्यांना पाठवतो. अंदाजपत्रक महिनाअखेर जायचंय.