पेव आणि बळद एकच नव्हेत

वाड्यातलं धान्य साठवायचं बळद म्हणजेच पेव, असं काही जण म्हणतात ते पटत नाही. बळद घराच्या आत, भिंतींनी बंदिस्त. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. पेव मात्र जमिनीत. माझ्या आजोळी सोलापूरकडे ते गोठा आणि कडब्याची गंज यांच्या मधल्या अंगणात होतं. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, पोट मोठं, तळाला नि कडेनं कडबा, तोंडावर फरशी आणि मातीचं लिंपण. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आजोबा दोरीनं कंदील सोडत. विझला तर थांबायचं. आत धान्याच्या श्वसनानं प्राणवायू संपून कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. कीड मरते ती त्यामुळेच, आणि बेसावध माणूसही.

ही पद्धत वाड्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांजवळ असे पेववजा खड्डे आणि कणग्यांचे मातीचे ओटे सापडले, म्हणजे सुमारे 3000 वर्षांपूर्वीचे. सांगलीजवळ हरिपूरला तर पेवांत हळद साठवत. 2005च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. तुमच्या गावात पेव बुजवलं असेल, तर निदान जागा नोंदवून ठेवा, वरून ट्रॅक्टर गेला तर खचतं.