‘दृश्यम’वरच्या चर्चेत अंजूचे नाव का निघत नाही?

डिचोलीकर वाचक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा होते आणि पुढच्या खेपेस ‘दृश्यम’ घ्यावा, असा बहुतेकांचा आग्रह आहे. निशिकांत कामत यांनी २०१५ साली केलेला हा हिंदी चित्रपट २०१३च्या मल्याळम चित्रपटावर बेतलेला असला, तरी तो घडतो आपल्या गोव्यात. केबलचा धंदा करणारा विजय साळगावकर, त्याची पत्नी नंदिनी आणि अंजू-अनू या दोन मुली आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यावर भेटतील अशा आहेत.

माझी अडचण अशी की, या चित्रपटाविषयी जेव्हा जेव्हा बोलणे होते, तेव्हा सगळे २ ऑक्टोबरची तारीख, बसची तिकिटे, हॉटेलातली बिले आणि प्रेत कुठे पुरले याविषयी बोलतात. ज्यामुळे हे सारे घडले, त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. शिबिराला गेलेल्या अंजूचे एक मुलगा अंघोळ करताना चोरून चित्रीकरण करतो, ते दाखवून तिला धमकावतो, आणि आई पदर पसरून विनवण्या करू लागते तेव्हा त्या मुलाची नजर आईकडेच वळते. झटापटीत अंजूच्या हातून त्याचा जीव जातो; मग विजय प्रेत पुरतो आणि कुटुंब त्या दिवशी दुसरीकडेच होते, असा देखावा उभा करतो. एवढे भयंकर काही पडद्यावर घडल्यानंतर दोन तासांनी प्रेक्षक टाळ्या वाजवतो तो बापाच्या हुशारीला. हे चित्रपटाच्या रचनेमुळे होते, की आपल्याच पाहण्यात खोट आहे? सभागृहात उच्च माध्यमिकच्या मुली पालकांसोबत बसलेल्या असतील, म्हणून ही चर्चा कशी घ्यावी याबद्दलही जाणकारांनी सुचवावे.

साखळीचा रहिवासी

मला चित्रपटावरचा हा आरोप अर्धाच पटतो. छोट्या गावातले कुटुंब पोलिसांकडे का जात नाही, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे रहस्यपट आपल्याकडे थोडेच आहेत. ज्याने गुन्हा केला त्याची आईच पोलीस महानिरीक्षक. तक्रार नेऊन द्यायची कोणाकडे? आणि आई कोणीही असो, मुलगी पोलीस स्थानकाची पायरी चढताना दिसली की तिन्हीसांजेपर्यंत बातमी बाजार, देऊळ, बसस्थानक सगळीकडे पोहोचते आणि पुढे लग्नाच्या बोलण्यात ती कोणीतरी हळूच बाहेर काढते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. साळगावकर कुटुंबाचे गप्प राहणे ही कथानकाची सोय नाही. ते आपल्या समाजाचे खरे वर्णन आहे.

शिवाय २०२२च्या दुसऱ्या भागात अंजूच्या मनावर झालेला परिणाम दाखवला आहे. वर्षे उलटली तरी ती सावरलेली नाही, तिला फिट येतात. म्हणजे चित्रपटकर्ते तिला अगदीच विसरले, असे म्हणता येणार नाही.

मडगावची वकील

साखळीच्या भाऊंनी लिहिलेली भीती खरी आहे. माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडून मी ती ऐकते. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या चित्रपटात कायदा जेव्हा जेव्हा दिसतो, तेव्हा तो फक्त मारहाण करणारा हात म्हणून दिसतो. मुलीच्या बाजूने कायद्यात काय होते, हे कोणाच्याही तोंडी एका वाक्याने येत नाही. सभागृहात मुली बसणार असतील, तर ही उणीव चर्चेत भरून काढायला हवी.

स्त्रीचे खासगी क्षणी चोरून चित्रीकरण करणे हा २०१३च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा झाला, कलम ३५४ सी. चित्रपट आला तेव्हा हे कलम लागू होऊन दोन वर्षे झाली होती. १ जुलै २०२४पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे. पहिल्या वेळी दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे, पुन्हा दोषी ठरल्यास तीन ते सात वर्षे कारावास. चित्रफीत कोणाला पाठवलीच नव्हती, अशी सबब चालत नाही. चित्रीकरण करणे हाच गुन्हा आहे. अंजूचे वय अठराच्या आत धरले, तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदाही लागतो आणि त्यात मुलीची ओळख वृत्तपत्रांनी उघड करण्यास मनाई आहे.

गोव्याच्या वाचकांनी तर आणखी एक लक्षात ठेवावे. १९९१ साली मडगावात उघडकीस आलेल्या बालशोषणाच्या प्रकरणाने हे राज्य हादरले होते, आणि पॉक्सोच्या नऊ वर्षे आधी, २००३ साली, गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला, मुलांसाठी वेगळे न्यायालय नेमले. छायाचित्रे धुऊन देणाऱ्यांच्या हाती मुलांचे अश्लील चित्रण आले, तर त्यांनी ते पोलिसांना कळवलेच पाहिजे, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. मोबाईलने फोटो स्टुडिओ मागे टाकला. पण चोरून घेतलेल्या चित्रणाची हानी आपल्या विधानसभेने किती आधी ओळखली होती, हे त्यावरून दिसते.

आता त्या रात्रीविषयी. अंजू जो फटका मारते, तो त्याच्या हातातला मोबाईल फोडण्यासाठी. तो लागतो डोक्यात. तिचा मारण्याचा हेतू नव्हता, आणि समोरचा माणूस त्या दोघींवर लैंगिक जबरदस्ती करू पाहत होता. बलात्काराच्या हेतूने हल्ला होत असेल, तर स्वतःच्या बचावाचा अधिकार हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत जातो, असे तेव्हाच्या दंड संहितेचे कलम १०० सांगत होते. आजच्या न्याय संहितेचे कलम ३८ तेच सांगते. हा बचाव न्यायालयात टिकला असता की नाही, हे पुराव्यांवर ठरले असते. परंतु प्रेत पुरले, तेव्हा मुलीचे हे म्हणणेही त्याच्याबरोबर पुरले गेले. त्या क्षणापासून ती अत्याचार झालेली मुलगी राहत नाही, लपवण्याजोगे काही केलेली मुलगी होते. बाप तिला वाचवतो हे खरे, पण ती निर्दोष आहे हे तिला कोणाकडूनच ऐकायला मिळत नाही. मला हा चित्रपटातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

फोंड्याचा नाट्यकर्मी

वकीलबाईंचा शेवटचा मुद्दा मी रंगमंचाच्या बाजूने पुढे नेतो. कुठल्याही प्रसंगात मी आधी हे पाहतो की, घटना कोणावर घडते आणि ती पुढे कोणाची होते. इथे घटना घडते अंजूवर. पण विजय घरी येताच ती त्याची होते. पुढे अंजूच्या वाट्याला जे संवाद येतात, ते बापाने घोकून घेतलेले: आम्ही कुठे होतो, काय खाल्ले, कोणता चित्रपट पाहिला. स्वतःचे असे काही बोलायला लेखकाने तिला जागाच ठेवलेली नाही. डिचोलीकरांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच, की दोष आधी रचनेत आहे. प्रेक्षक दाखवलेल्या दिशेने पाहतो.

पोलिसांच्या ताब्यातल्या मारहाणीचा प्रसंग मला आजही पुन्हा पाहवत नाही. धाकट्या अनूवर हात उगारला जातो, तोही पोलीस महानिरीक्षक असलेल्या एका आईच्या समोर. चित्रपट प्रमाणन मंडळाच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक हिंसेची दृश्ये टाळावीत आणि कथेसाठी अपरिहार्य असतील तर कमीत कमी ठेवावीत, असे म्हटले आहे. या चित्रपटाने अंजूच्या बाबतीत तो संयम पाळला आहे, चोरून घेतलेले चित्रण आपल्याला चवीने दाखवले जात नाही, आणि याबद्दल कामतांना मान द्यायलाच हवा. पण मारहाण मात्र लांबते. प्रेक्षकाचा संताप वाढावा आणि विजयचा डाव यशस्वी व्हावा असे त्याला मनापासून वाटावे, यासाठी त्या लेकराच्या रडण्याचा वापर होतो.

शेवटही बघा. मेलेल्या मुलाचे आईवडील विजयला भेटतात, वडील क्षमा मागतात, विजय आडून कबुली देतो. सभ्य, हेलावून टाकणारा प्रसंग आहे. मात्र ज्या मुलीची क्षमा मागायला हवी होती, ती तिथे नाही. दुसऱ्या भागातल्या फिटांबद्दल साखळीच्या भाऊंनी लिहिले, परंतु तिथेही तिचा आजार मुख्यतः पोलिसांपुढे कुटुंब उघडे पडेल की काय, हा ताण वाढवण्याच्या कामी येतो.

साखळीचा रहिवासी

शेवटच्या भेटीविषयीचे निरीक्षण मान्य आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे मात्र मी अजूनही म्हणेन. घरात ज्या विषयावर बोलणे होत नाही, त्यावर पडद्यावरच्या बापाने बोलावे अशी अपेक्षा आपण करतो आहोत. म्हणूनच या चर्चेला पालक येणार, हे चांगले आहे.

पेडण्याची शिक्षिका

चर्चेविषयी थोडे सुचवते. मुलींना “तू अंजूच्या जागी असतीस तर काय केले असतेस?” हा प्रश्न कृपा करून विचारू नका. भरल्या सभागृहात, आईवडिलांच्या शेजारी बसून, त्या प्रश्नाचे खरे उत्तर कोणतीही मुलगी देणार नाही. आणि जिच्यावर असे काही गुदरले असेल, ती मान खाली घालून बसेल. प्रश्न पालकांना विचारा: मुलीने येऊन सांगितले की माझे असे चित्रण कोणाकडे आहे, तर तुमच्या तोंडून पहिले काय निघेल? शिबिराला गेलीसच कशाला, हे निघणार असेल, तर पुढचे सगळे तिथेच थांबते. मुलग्यांना वेगळे विचारा, की मित्राने मोबाईलवर असे काही दाखवायला आणले तर ते काय करतील. या बाजूने आपण मुलग्यांशी बोलतच नाही.

फळ्यावर तीन क्रमांक लिहून ठेवा आणि ते उतरवून घेताना कोणाकडे कोणी बघू नये, म्हणून सगळ्यांनाच लिहून घ्यायला सांगा: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ऑनलाइन आर्थिक फसवणूक आणि सायबर तक्रारीसाठी १९३०.

डिचोलीकर वाचक

सर्वांचे मनापासून आभार. चित्रपटाआधी प्रास्ताविक करण्याचा विचार होता, तो रद्द करून सगळा वेळ नंतरच्या चर्चेला देतो, आणि पालकांना विचारायचा प्रश्न बाईंनी लिहिला तसाच घेतो. वकीलताई, बचावाच्या अधिकाराचा भाग माझ्यासारख्याने सांगण्यापेक्षा तुम्ही समक्ष सांगितलात तर त्याला वजन येईल. रविवारी दुपारनंतर डिचोलीला येणे जमेल का, ते कृपया कळवावे. न्यायला-आणायला आम्ही येऊ.