थंडीतलं नीस: तुमचे अनुभव लिहा

ट्राम_दोन

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसला कधी जावं असं कुणी विचारलं, की सगळे एका सुरात सांगतात, जून ते सप्टेंबर. मी इथून जवळच सोफिया अँटिपोलिस या तंत्रज्ञान-उद्योगांच्या वसाहतीत नोकरी करते आणि माझं मत बरोबर उलटं आहे. जुलैमध्ये या गावात पाय ठेवायला जागा नसते. शिवाय ज्याला आपण 'ऑफ सीझन' म्हणतो तोच या शहराचा मूळ सीझन. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धनिक इंग्रज, मागोमाग रशियन, थंडी सुरू झाली की इथे मुक्कामाला यायचे आणि वसंतात परत जायचे. उन्हाळ्यात हॉटेलं चक्क कुलूपबंद असत. वाळूत पडून अंग भाजून घ्यायची टूम १९२० नंतरची. समुद्राकाठचा तो प्रसिद्ध रस्ता, प्रॉमेनाद देझांग्ले, म्हणजे 'इंग्रजांची फिरायची वाट', १८२० च्या दशकात इंग्रजांनीच वर्गणी काढून गावातल्या बेकारांकडून बांधून घेतला. युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारसा यादीत घेतलं तेही रिव्हिएरावरचं, म्हणजे या किनारपट्टीवरचं, थंडीतलं विश्रामस्थान म्हणूनच.

तर नोव्हेंबर ते मार्च या काळात जे कुणी येऊन गेलेत त्यांनी लिहा. काय उघडं होतं, काय बंद, खाल्लंत काय, कंटाळा आला का. तक्रारी चालतील, फक्त हॉटेलांची आणि एजंटांची नावं नकोत.

नानांची_नात

आईबाबांना घेऊन जानेवारीत गेले होते. बाबांचे गुडघे गेलेले, त्यामुळे पॅरिसमध्ये त्यांचे हाल झाले होते. इथे मात्र माणूस खुलला. प्रॉमेनाद सपाट, चांगला सात किलोमीटर लांब, आणि ठिकठिकाणी निळ्या खुर्च्या. बाबा सकाळी दहाला एक खुर्ची पकडायचे, तोंड समुद्राकडे, स्वेटरची वरची दोन बटणं उघडी. दुपारी तेरा-चौदा अंश असतात, पण ऊन थेट अंगावर येतं म्हणून थंडी जाणवत नाही. शेजारच्या खुर्चीवर रोज एक फ्रेंच आजोबा पेपर घेऊन बसायचे. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी जायच्या दिवशी दोघांनी हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

गंमत सावलीत आहे. उन्हातून जुन्या गावाच्या गल्लीत शिरलात की गारठा एकदम अंगावर येतो. त्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि घरं इतकी उंच की जानेवारीत तिथे ऊन पोचतच नाही. आई पर्समध्ये कानटोपी घेऊन फिरायची, गल्ली आली की घालायची, चौक आला की काढायची. आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळला की सगळ्यांनीच कोट चढवायचे.

दुपारी बाराला किल्ल्याच्या टेकडीवरून रोज एक बार उडतो. पहिल्या दिवशी आई केवढ्याने दचकली! नंतर तीच घड्याळ लावायला लागली. टेकडीवर किल्ला शोधू नका, चौदाव्या लुईने तो १७०६ मध्येच जमीनदोस्त केला. वर बाग आहे, लिफ्ट आहे, आणि अख्ख्या उपसागराची कमान एका नजरेत दिसते.

शाकाहारी मंडळींसाठी: सोका खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. हे पातळ मिश्रण भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपट आणि मध्ये लुसलुशीत. वरून भरपूर मिरपूड. आईने पहिला घास घेऊन निकाल दिला, "अगं, हे तर आपलं बेसनाचं धिरडं, फक्त यांनी ओवा घातला नाहीये." मात्र पिसालादिएर नावाचा कांद्याचा पाव दिसला तर आधी विचारा, त्यात अँचोवी मासे असतात.

कोकण_कडेला

मी गुहागरचा. समुद्र बघितला की हात आपोआप चप्पल काढायला जातात. इथे ते जमत नाही! वाळूच नाही हो, सगळे गोल गुळगुळीत करडे गोटे. लाट मागे जाते तेव्हा ते एकमेकांवर घरंगळत खळखळतात, तो आवाज मात्र अजून कानात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. सकाळी पाणी जिथे, संध्याकाळीही तिथेच. भूमध्य समुद्राला भरती जेमतेम वीतभर. आमच्याकडे ओहोटीला अर्धा किलोमीटर चालून जावं लागतं, कालवं काढायची वेळ, होडी लोटायची वेळ सगळं त्यावर. हे बिनघड्याळाचं पाणी बघून मला जरा चुकचुकल्यासारखं झालं. पण म्हणून समुद्र गरीब समजू नका. वादळ आलं की लाटा थेट रस्त्यावर गोटे फेकतात आणि मग पालिकेची माणसं ते आवरत बसतात.

फेब्रुवारीत पाणी तेरा अंशांच्या आसपास. तरी सत्तरीच्या बायका रबरी टोप्या घालून रोज सकाळी पोहत होत्या, आपापसात गप्पा मारत, जणू भाजी निवडायला बसल्या आहेत. मी घोट्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

खडे_मीठ

सगळे गोडच लिहिताहेत म्हणून मी थोडं कडू लिहितो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गेलो आणि मुक्कामभर पाऊस. शरद ऋतू हाच तिथला पावसाळा, हे कुणी सांगत नाही. 'निळा किनारा' म्हणून ज्याची जाहिरात केली तो शिशासारखा राखाडी. हॉटेलमधला हीटर आमच्या सोयीने नाही, त्यांच्या सोयीने चालायचा. एके दिवशी वैतागून लोकल गाडीने ज्युआन-ले-पँला गेलो तर तिथे स्मशानशांतता. शटर खाली, खुर्च्या उलट्या टांगलेल्या, एका आइस्क्रीमच्या दुकानावर 'मार्चमध्ये भेटू' अशी पाटी. पैसे मात्र मी पूर्ण वर्षाचा पगार घेणाऱ्या विमान कंपनीला मोजले होते.

ट्राम_दोन

खडे_मीठ, तुमचं ज्युआन-ले-पँचं निरीक्षण अगदी बरोबर आणि त्याला कारण आहे. ते गाव विसाव्या शतकात उन्हाळ्यासाठी वाढलं, त्यामुळे उन्हाळा संपला की ते झोपतं. नीसमध्ये साडेतीन लाखांच्या वर लोक बारा महिने राहतात. शाळा, न्यायालय, विद्यापीठ, ट्राम, सगळं चालू. थंडीत मुक्काम नीसमध्येच टाकावा आणि बाकीची गावं गाडीने दिवसाउजेडी करावीत, हे मी प्रत्येकाला सांगते. समुद्रावरची काही रेस्टॉरंटं आणि जुन्या गावातली बरीच घरगुती खानावळीवजा ठिकाणं जानेवारीत सुट्टी घेतात, हेही खरं.

पावसाबद्दल एक दिलासा: चित्रकार मातिस १९१७ च्या डिसेंबरात इथे आला तेव्हा त्यालाही पावसानेच गाठलं होतं. कंटाळून निघायच्या बेतात होता, तेवढ्यात मिस्त्राल नावाच्या तिथल्या जोरदार कोरड्या वाऱ्याने ढग पळवले. मग तो गेलाच नाही. आयुष्याचा मोठा भाग इथेच काढला आणि पुरलाही इथेच, सिमिए टेकडीवर.

जुनी_पानं

सिमिएचं नाव निघालं म्हणून लिहिते. ही टेकडी चुकवू नका. तिथे हॉटेल रेजिना नावाची अवाढव्य पांढरी इमारत आहे, आता तिच्यात लोकांचे फ्लॅट आहेत. व्हिक्टोरिया राणी १८९७, ९८ आणि ९९ या तीन वर्षी वसंताच्या तोंडावर तिथे राहिली. पहिल्या वर्षी निघण्याआधी घरात मोठा तमाशा झाला. राणीचा लाडका हिंदुस्थानी मुन्शी अब्दुल करीम बरोबर येणार म्हटल्यावर दरबारी मंडळींनी राजीनाम्याची धमकी दिली, कारण त्याच्या पंगतीला बसावं लागणार! राणी बधली नाही, मुन्शी नीसला आलाच. इमारतीसमोर राणीचा पुतळा आहे. मुन्शीचा अर्थातच नाही. पुढे याच इमारतीत मातिस राहिला.

पलीकडे रोमन रिंगणाचे अवशेष, ऑलिव्हची बाग आणि मातिसचं संग्रहालय. मंगळवारी बंद असतं, चित्रकार शागालचंही. थंडीत या दोन्ही ठिकाणी रांग नावाची चीज नाही. शागालच्या एका चित्रासमोर मी बाकावर हवा तितका वेळ बसले, पहारेकरी बाई जांभई देत होती.

एक उदास बाजूही आहे. क्षयाच्या रोग्यांना डॉक्टर थंडीत इथे पाठवत. रशियन लेखक चेखोव्ह १८९७-९८ ची थंडी इथल्या एका रशियन खानावळीत काढून गेला. जुन्या दफनभूमीत परदेशी नावांच्या पाट्या वाचताना वयं बघा, कितीतरी विशी-तिशीतली आहेत.

पाठपिशवी

चालणाऱ्यांसाठी दोन ओळी. नीसजवळच्या एझच्या स्टेशनवर उतरा आणि डोंगरावरच्या एझ गावापर्यंत पायवाटेने चढा. तत्त्वज्ञ नीत्शे १८८३ पासून काही थंड्या नीसमध्ये काढत असे आणि ही वाट तुडवत असे, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या वर चढ आहे, दगडी पायऱ्या, सावली कमी. ऑगस्टमध्ये ही शिक्षा, डिसेंबरात सुख. सिंहगड नेहमी चढणाऱ्याला काहीच नाही. पाऊस पडून गेला असेल तर मात्र दगड निसरडे. आणि लख्ख थंडीत पहाटे, सूर्य वर यायच्या आधी, क्षितिजावर कॉर्सिका बेटाचे डोंगर दिसतात. दिवस चढला की गायब. पाठ फिरवली तर आल्प्सवर बर्फ.

दोन_पिल्लांची_आई

आम्ही मुलांसकट फेब्रुवारीत, कार्निव्हल गाठूनच गेलो. सध्याच्या स्वरूपातला कार्निव्हल १८७३ पासूनचा. दुमजली घराएवढे कागदी पुतळे, आणि 'फुलांची लढाई' नावाच्या मिरवणुकीत गाड्यांवरून लोकांकडे खरी फुलं फेकतात, त्यात पिवळी मिमोझा सर्वांत जास्त. धाकटीने इतकी गोळा केली की खोलीत घमघमाट आणि मला शिंका. याच सुमारास इटलीच्या सीमेवरच्या मॉन्तोंला लिंबू महोत्सव असतो. संत्र्या-लिंबांचे राजवाडे, प्राणी, काय काय, सुमारे १४० टन फळं लागतात म्हणे. थोरल्याने लगेच शंका काढली की एवढी लिंबं या चिमुकल्या गावात पिकतात कुठे? चौकशी केली तर सजावटीचा बहुतेक माल स्पेनचा निघाला! मॉन्तोंची खरी लिंबं बाजारात वेगळी मिळतात, पानांसकट, आणि चांगलीच महाग.

नवा_सभासद

माहितीपूर्ण धागा. आम्ही दोघं साठीचे, पहिल्यांदाच जाणार. फेब्रुवारी घ्यावा की जानेवारी? कपडे किती न्यावेत?

ट्राम_दोन

काका, गर्दी नको असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा घ्या. सेल लागलेले असतात, बेकऱ्यांमध्ये राजांचा केक अजून मिळतो. इथला केक गोल पावासारखा, वर साखरेत मुरवलेली फळं, आत लपवलेली छोटी चिनीमातीची बाहुली. दात सांभाळून खा. फेब्रुवारीत कार्निव्हल आणि फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या एकत्र आल्या की खोल्यांचे दर चढतात.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाड वारारोधक जाकीट, आत पातळ थर, बूट मात्र जाड तळाचे, गोट्यांसाठी. विमानतळावरून टॅक्सी नको, दोन नंबरची ट्राम थेट गावात आणते. जुन्या गावातल्या कूर सालेया चौकातला फुलांचा आणि भाजीचा बाजार सकाळी असतो, सोमवारी त्याच्या जागी जुन्या वस्तूंचा. काकूंना तांब्यापितळेच्या भांड्यांची आवड असेल तर सोमवारी तुम्ही पाकीट हॉटेलातच ठेवा.