‘वेस्टवर्ड द विमेन’: बायकांचा सिनेमा, की बायका असलेला सिनेमा?

सांजवात
‘वेस्टवर्ड द विमेन’ (१९५१) काल ब्लू-रेवर पाहिला, नव्याने साफसूफ केलेल्या प्रिंटमध्ये. आधी पाहिला होता तो कुणीतरी टीव्हीवरून उतरवलेला; त्यात आभाळ, धूळ आणि बायकांचे झगे सगळं एकाच राखेत कालवल्यासारखं होतं. आता कपाळावर घामाने थापली गेलेली माती दिसते. रंगीत असता तर एवढा रखरखीत वाटला नसता.

न पाहिलेल्यांसाठी: साल १८५१. कॅलिफोर्नियातल्या एका खोऱ्यात शेतीवाडी करून बसलेल्या पुरुषांना बायका हव्यात. जमीनमालक व्हिटमन शिकागोला जाऊन १३८ जणी गोळा करतो आणि पहिल्याच भेटीत बजावतो, तिघींतली एक वाटेतच जाईल. होणाऱ्या नवऱ्यांचे फोटो फळ्यावर टाचलेले, पसंत पडेल तो काढून घ्यायचा. (बघायचा कार्यक्रम, पण बघणाऱ्या मुली. कांदेपोहे तेवढे नाहीत.) तांड्याचा म्होरक्या बक वायट, म्हणजे रॉबर्ट टेलर. भाड्याने आणलेले गडी मध्येच पळ काढतात. मग बायकाच खेचरं हाकतात, बंदूक चालवायला शिकतात, गाड्या दोर लावून उतारावरून खाली सोडतात. श्रेयनामावली सोडली तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. चाकांची करकर, वारा, खेचरं.

दिग्दर्शक विल्यम वेलमन, कथा फ्रँक काप्राची. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जुन्या काळावरच्या सिनेमांत, बायकांना एवढं *काम* दिलेलं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. तुमचं काय म्हणणं?

आडवाट
काम दिलं, पण शिट्टी कुणाच्या हातात? पहिल्यापासून शेवटपर्यंत बकच्या. तांड्यातली फिफी रागाने घोड्यावरून निघून जाते, हा पाठलाग करतो, थोबाडीत मारतो आणि पुढच्या क्षणी मिठी! आणि एवढे डोंगर ओलांडून शेवटी मिळतं काय, तर नवरा. सांजवातताई, धूळ छान दिसते हे मान्य, पण धुळीखाली काय आहे तेही बघा की.

सांजवात
थोबाडीतीची बाजू मी घेणार नाही, तिथे मलाही रिमोट फेकावासा वाटला. पण नेमका त्याच वेळी तांड्यावर मूलनिवासींचा हल्ला होतो हे विसरलात. नायक प्रेमप्रकरणात अडकलेला, लढतात बायका, आणि वेलमन ती लढाई दाखवतच नाही. आपण परत येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. मग गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारली जातात, प्रत्येक नावाला कॅमेरा एका निपचित देहावर थांबतो आणि नाव डोंगरात घुमत जातं. एकही व्हायोलिन नाही. नायकाच्या गैरहजेरीवर दिग्दर्शकाने मारलेला हा शेरा आहे, असं मी समजते.

आडवाट
ते तुम्ही समजता. मला ती सोय वाटते. बायका लढताना दाखवायला स्टुडिओ कचरला असेल.

दगडूशेठचा नातू
दोघंही सिनेमावर भांडताय, मी इतिहासावर भांडतो. हल्ला हा या चित्रपटांचा हुकमी पत्ता. इतिहासकार जॉन अनरूने पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेवरची १८४० ते १८६० या वीस वर्षांची मोजदाद केली आहे: मूलनिवासींच्या हातून मेलेले प्रवासी ३६२, प्रवाशांच्या हातून मेलेले मूलनिवासी ४२६. त्या वाटेवर खरी कापाकापी केली ती कॉलऱ्याने. आणि कॅलिफोर्नियात बायका ‘मागवण्याचा’ खरा प्रयत्न १८४९ मध्ये एलायझा फार्नहॅम या बाईनेच केला होता, तोही जहाजाने. अट होती पंचवीस वर्षं पूर्ण, चारित्र्याचा दाखला आणि अडीचशे डॉलर. शंभरावर जणी न्यायच्या होत्या, प्रत्यक्षात निघाल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाईने योजलेली मोहीम सिनेमात एका जमीनमालकाची कशी झाली, यावर कुणी बोला.

आडवाट
वा! हा मुद्दा माझ्या खात्यात जमा करा.

चिंचगूळ
नातूसाहेब, मग जपानी स्वयंपाकी इटोवरही आक्षेप घ्याल? जपान तेव्हा बाहेरच्या जगाला बंद होता म्हणून? समुद्रात भरकटलेला मांजिरो नावाचा कोळ्याचा पोरगा १८४३ मध्येच न्यू बेडफर्ड या अमेरिकेतल्या बंदरात उतरला होता आणि १८५० मध्ये कॅलिफोर्नियात सोनं धुवत होता. गंमत म्हणजे सिनेमातली धिप्पाड पेशन्स (होप एमर्सन, पडद्यावर आली की बाकी कुणी दिसत नाही) त्याच न्यू बेडफर्डची, आणि तोंडात सगळी गलबतावरची भाषा.

बैलगाडीवाला
मला इंग्रजी सिनेमातलं फार कळत नाही, लेकीने लावून दिला. पण बाळंतपणाचा प्रसंग बघून मी उठून उभा राहिलो. आत बाई अडलेली, चाक मोडतं, आणि बाकीच्या जणी खांदा लावून अख्खी गाडी तोलून धरतात. आमच्याकडे लाकडी चाकाची गाडी होती. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की लोखंडी धाव ढिली पडते, आरे खुळखुळायला लागतात. म्हणून ओढ्यात थांबवून चाकं भिजवायची. भरली गाडी एका बाजूने उचलायला आम्ही चार गडी आणि वर एक वासा लागायचा. त्या बायका गाडी धरतात तेव्हा मानेच्या शिरा बघा. ते नाटक वाटत नाही.

आडवाट
दादा, तो प्रसंग मलाही आवडतो. माझी तक्रार त्या तिथल्या बायकांबद्दल नाहीच, सिनेमा त्यांना नेऊन कुठे सोडतो त्याबद्दल आहे.

सांजवात
कुठे सोडतो ते नीट बघा. खोऱ्याच्या तोंडाशी येऊन त्या अडून बसतात: असल्या चिंध्यांत आम्ही गावात येणार नाही, आधी कापड आणा. आणि बक, तुमचा तो शिट्टीवाला बक, गावभर कापड गोळा करत फिरतो. मग हातात फोटो घेऊन त्या आपापला माणूस शोधतात. पुरुष रांगेत उभे, घाबरलेले.

आडवाट
कापड आणायला पाठवलं हे कबूल. थोबाडीत मात्र तशीच राहिली.

सांजवात
राहिली.

बैलगाडीवाला
ती खेचरं होती ना? बैल का नाही जोडले? एवढ्या ओझ्याला बैलच पाहिजेत.

दगडूशेठचा नातू
अगदी बरोबर दादा, खऱ्या तांड्यांत बहुतेक बैलच असायचे. स्वस्त, आणि मिळेल त्या गवतावर निभावणारे. हाही एक आक्षेप माझ्या यादीत.