मर्लिन मन्रो प्रकरण: साक्षीदाराने वेळ बदलली तर कोणता जबाब धरायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकला गंगापूर रोडला आमचा छोटा अभ्यासगट आहे, येत्या रविवारी मर्लिन मन्रोच्या मृत्यूवर मी बोलणार आहे आणि एका मुद्द्यावर पार अडकलोय.

4 ऑगस्ट 1962 ची रात्र. पोलिसांना फोन गेला पहाटे 4:25 ला. सगळ्यात आधी पोचलेल्या सार्जंटचं म्हणणं की घर सांभाळणाऱ्या युनिस मरे बाईंनी त्याला सांगितलं, काहीतरी बिघडलंय अशी शंका त्यांना मध्यरात्रीच्या सुमारास आली, पण नंतर तपासात वेळ आली तीन-साडेतीनची. शंका का आली, तर आधी मर्लिनच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसला म्हणाल्या, पुढे तेही बदलून फोनची वायर दिसली म्हणाल्या. आता ही लपवाछपवी, की घाबरलेल्या बाईची गोंधळलेली आठवण? मला खरंच कळत नाहीये, आणि मेलेल्या माणसावर उगाच आरोप करायचा नाहीये.

1982 मध्ये सरकारी वकिलांच्या ऑफिसने फेरतपासणी केली, खुनाचा पुरावा मिळाला नाही, हे वाचलंय. जबाब तारखेनुसार लावूनही पाहिले. केनेडींच्या थिअऱ्या किंवा बॉडी लँग्वेजचे व्हिडिओ नकोत प्लीज, ते बघून डोकं उठलंय.

इथे कोर्टात प्रॅक्टिस करणारे किंवा पोलिसातून रिटायर झालेले कोणी असाल तर सांगा, उलटतपासणीत आधीच्या जबाबाशी विसंगती दाखवतात तेव्हा वेळेतला फरक आणि मुख्य घटनेतला फरक यांना सारखंच वजन देतात का? आणि मध्यरात्रीची वेळ फक्त सार्जंटच्या तोंडून आलेली असेल, तर ती मरेबाईंचा जबाब म्हणून धरता येते का?