आजीने कुंकू पुसू दिलं नाही, भावकी चिडलीय

आजोबा गेले. दहाव्याला बायका बांगड्या फोडायला बसल्या तर आजी (वय ८१) म्हणाली, "कुंकू मी परकरात होते तेव्हापासून लावतेय, ह्यांनी दिलेलं नाही, मग हे गेले म्हणून का पुसू?" सगळे गप्प. आता चुलते म्हणतात वर्षश्राद्धाला येणार नाही. काय करू?

> आजींना दंडवत! चुलत्यांना हेरवाड गावाचं उदाहरण दाखवा, शिरोळ तालुका, जिल्हा कोल्हापूर. मे २०२२ मध्ये ग्रामसभेने ह्याच प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारनेही परिपत्रक काढून बाकी गावांना तसंच करा म्हणून सांगितलं

> ठराव ठीक आहे हो, पण आमच्याकडे हळदीकुंकवाला अजून वहिनीला कोण बोलवत नाही

> अपडेट: काल चुलती गुपचूप आली, पदराखाली हिरव्या बांगड्या. आजी म्हणाली, माप मोठं झालंय, बदलून आण 😄