रोजच्या गोंगाटात देवाचं म्हणणं कसं ऐकता? – अनुभव धागा

नागपूरच्या बर्डीवरून, धागाकर्ती

नमस्कार मंडळी. आमच्या घराखाली फेरीवाल्यांच्या आरोळ्या, वरून मेट्रो आणि हातात दिवसभर टुणटुणणारा फोन. पूजेला बसले तरी कान तिकडेच. सध्या आईचा प्रश्न आहे. ती यवतमाळला एकटी असते. तिला इकडे आणावं की आपणच काही महिने तिकडे जाऊन राहावं, हे देवापुढे ठेवलंय. मनात उत्तरं खूप उमटतात, पण त्यातलं देवाचं कोणतं आणि माझ्या सोयीचं कोणतं ते कळत नाही.

तुम्हाला कधी, कसं कळलं आणि ते खरं कशावरून मानलं, तेवढं लिहा. चमत्कार नसले तरी चालतील. कुठल्याही धर्माचे, पंथाचे असा. इथे कुणाच्या श्रद्धेचं माप काढायचं नाही.

महालातून, सिस्टर

मी मेडिसिन वॉर्डात आहे. रात्रपाळीत मॉनिटर वाजत असतात, नातेवाईक हाका मारतात, कुणाचं सलाईन संपत आलेलं असतं. शांतता मिळणार नाहीच, म्हणून हात धुण्याची वेळ मी देवाला दिली आहे. साबणाने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात आणि पाळीत हे कितीदा तरी होतं. तेवढ्यात गजानन महाराजांचं नाव घेते आणि विचारते, "आता कुणाकडे?"

एकदा चंद्रपूरकडचे एक आजोबा भरती होते. केसपेपरवर 'जेवत नाहीत' असं लिहिलेलं, तपासण्या चालू. हात धुता धुता मनात आलं, यांचा डबा उघडून बघ. वरण संपलेलं होतं, ज्वारीची भाकर मात्र कडक होऊन तशीच पडलेली. म्हटलं, "बाबाजी, भाकर का ठेवली?" त्यांनी नुसतं तोंड उघडून दाखवलं. कवळी मुलाच्या पिशवीतून गावाला गेली होती आणि सांगायची त्यांना लाज वाटत होती. मग आम्ही भाकर वरणात कुस्करून द्यायला लागलो, बाबाजी जेवायला लागले.

कुणी म्हणेल, हे साधं लक्ष देणं झालं. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात रिपोर्ट होते, बेडची अदलाबदल होती. डबा कुठेच नव्हता. मला येणारं सांगणं नेहमी असंच असतं. छोटं, लगेच करण्यासारखं आणि बहुतेकदा दुसऱ्या कुणाबद्दल. धागाकर्त्या ताई, माझ्यापुरती खूण हीच.

ऑटोवाला

सिग्नलले थांबलो का सारे मोबाइल काढते. मी नाही काढत. तेवढ्या वेळात टेकडीच्या गणपतीचं नाव घेतो अन् म्हणतो, बाप्पा, आता सवारी कशीही असो, तोंड गोड राहू दे. एवढंच मागतो अन् एवढंच ऐकू येते. भांडण तोंडावर आलं का ते आठवते.

इतवारीतून

एकांतात बसा, पहाटे उठा, असं सगळेच सांगतात. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात आमची, एकांत कुठून आणू? मला देव मिळतो तो मे महिन्याच्या दुपारी. बाहेर 45 डिग्री, सगळे आडवे झालेले आणि कूलर सुरू. त्याच्या घरघरीत टीव्ही बुडतो, शेजारचं भांडण बुडतं, सासूबाईंची हाकसुद्धा बुडते. ओल्या खसचा वास येत असतो. त्या घरघरीत मी मनातलं सगळं देवाला सांगते आणि मग गप्प राहते. जाऊबाईशी अबोला होता तेव्हा तिथेच आतून आलं, आज तिच्या ताटात तू वाढ. वाढलं. गोंगाट संपायची वाट पाहिली असती तर जन्म गेला असता.

धागाकर्ती

इतवारीच्या ताई, बरं केलंत लिहून. एकांत मिळणं ही अनेकींसाठी चैनच आहे.

काटोल रोडवरून

दंडवत प्रणाम. आमचं घर महानुभाव पंथाचं. अटन, विजन, भिक्षा, भोजन हा आमच्या साधूंचा आचार. त्यातलं विजन म्हणजे माणसांपासून दूर, निर्जन जागी बसून नामस्मरण करणं. मी संसारी वासनिक, म्हणजे घरसंसार करणारा अनुयायी, मला ते सगळं जमणार नाही. पण काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे, तिथे फोन गाडीत ठेवून बसतो.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून जमीन विकता का म्हणून दलालांचे फोन थांबत नाहीत. भाव ऐकून मन हलतं, खोटं कशाला बोलू. मुलगा म्हणतो विका, बायको म्हणते नको. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. संत्रा करणाऱ्यांना माहीत आहे, बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो. पाणी चालूच ठेवलं तर नुसता पालाच वाढतो. मनालाही तसा ताण दिला. भाव विचारणं बंद, हिशोब मांडणं बंद, फक्त नाम.

पुष्कळ दिवसांनी जे आलं त्यात 'विक' नव्हतं आणि 'विकू नको'ही नव्हतं. आलं ते असं, की धाकट्या भावाकडे जा. वाटणीपासून आमचं बोलणं बंद होतं. माझ्या मनाला हे आपणहून कधीच सुचलं नसतं, म्हणूनच मी ते परमेश्वराचं मानलं. गेलो. जमिनीचं अजून ठरलेलं नाही, पण आता ठरवायला आम्ही दोघं एका बाजेवर बसतो.

सदरवरून

आम्ही ख्रिस्ती. पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे (पहिले राजे, अध्याय 19). होरेब डोंगरावर जोराचा वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला. देव त्यांत नव्हता. मग मंद वाणी आली. प्रवचनात बहुधा इथेच थांबतात. मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी एलीया इतका खचला होता की मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. आणि वाणी ऐकल्यानंतर त्याला परतीच्या वाटेवर कामं नेमून दिली.

म्हणून थकलेली असताना मी देवाला मोठे प्रश्न विचारत नाही. आधी जेवते, झोपते. संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांचा एक नियम आमच्या फादरांनी शिकवला होता. मन उदास, कोरडं असेल त्या काळात आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. नोकरी सोडायची इच्छा ज्या रात्री सगळ्यात जोरात ओरडत होती, त्या रात्री या नियमाने मला धरून ठेवलं.

ताजबागजवळून

आमच्यात इस्तिखारा करतात. दोन रकात नफल (म्हणजे ऐच्छिक) नमाज पढून दुआ मागायची, की या कामात भलं असेल तर ते सोपं कर आणि नसेल तर मला त्यापासून दूर ठेव. लोक समजतात की मग स्वप्न पडायलाच पाहिजे. तसं काही नाही. दुआ करायची, जाणत्या माणसांचा मशवरा घ्यायचा आणि पाऊल टाकायचं. मुलीच्या स्थळाच्या वेळी स्वप्न नाही पडलं. बोलणी मात्र हळूहळू अडत गेली, आम्ही थांबलो. मनात कडवटपणा राहिला नाही, हेच मी उत्तर समजलो.

धंतोलीवरून, मनोविकारतज्ज्ञ

मीही रोज पूजा करतो, म्हणून आपुलकीनेच लिहितो. कानात खरोखर आवाज येत असतील, ते हुकूम सोडत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे. उपचार घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.

मानेवाड्यावरून

मला काहीच ऐकू आलं नाही. यांच्या ऑपरेशनच्या वेळी गजानन महाराजांच्या पोथीचं पारायण केलं, एकवीसही अध्याय वाचले, डोळे मिटून बसले. आत नुसती धडधड. शेवटी डॉक्टरांना विचारलं, दिरांना विचारलं आणि फॉर्मवर सही केली. हे आज घरात हिंडतात-फिरतात. पण त्या दिवशी कौल मिळाला असं मी म्हणणार नाही, कारण मिळाला नव्हता. तरी माझा गुरुवार चुकत नाही. महाराज गप्प होते, पण गेले नव्हते, एवढं मी मानते. कुणाला असंच काही न ऐकता पाऊल टाकावं लागलं असेल, तर तेही लिहा. मला वाचायचंय.